घुण लागलेली व्हॉल्टेर

माझे सासरे आडवे झोपू शकत नव्हते. हे आधी सांगते, कारण ते कळलं नाही तर एका खुर्चीसाठी आम्ही इतके वेडेपिसे का झालो होतो, ते कुणाच्या ध्यानात येणार नाही.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खाणीवरचा ट्रक चालवला. गोव्यात आमच्या साखळी गावाच्या बाजूला तेव्हा बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी त्या कामात असायचं. लाल धूळ शर्टाच्या कॉलरीत, कानात, जेवणाच्या डब्याच्या झाकणावर. वर दिवसाला बिडीचं एक बंडल. छातीचं हे दुखणं नेमकं कशाने झालं, असं मी डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "कशाने ते शोधून आता काय करणार? जेवढी फुफ्फुसं उरलीत तेवढी सांभाळा." ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा तुये गावातल्या कारखान्यात. सकाळी लवकर मोटारसायकल काढायचा तो दिवे लागल्यावर परत. दिवसभर घरात मी आणि बाबा.

पाठ टेकली की बाबांचा जीव गुदमरायचा. आम्ही सगळं करून पाहिलं. डोक्याकडची बाजू वर होणारा लोखंडी पलंग आणला. त्यावर ते घसरत खाली यायचे आणि श्वास अडकायचा. प्लास्टिकच्या खुर्चीत हात लटकायचे. मेजावर उशा रचून पुढे ओणवं बसवलं तर थोडा वेळ बरं वाटायचं, मग मान दुखायची. त्यांना श्वास पुरायचा तो एकाच जागी, व्हॉल्टेरवर.

व्हॉल्टेर म्हणजे आमच्याकडची जुनी लांब हातांची खुर्ची. वेताची बैठक, मागे कललेली पाठ, आणि माणसाच्या पायांपर्यंत पुढे गेलेले दोन रुंद हात. सुखवस्तू माणसं पूर्वी त्या हातांवर पाय पसरून दुपारची झोपायची. बाबा तसे बसत नसत. ते मागे उशा लावून पाठ सरळ करायचे आणि दोन्ही कोपरं त्या लांब हातांवर रोवायचे. कोपरं रोवली की खांदे वर उचलले जायचे, छाती थोडी मोकळी व्हायची आणि हवा आत शिरायची. रात्रीही तसेच झोपायचे, ऑक्सिजनची नळी नाकाला लावून. खूप वर्षांपूर्वी डिचोलीत कुणाचं तरी मोठं घर पाडत होते, तिथून त्यांनी ती ट्रकमधून आणली होती. खुर्ची सागवानी होती, पण तिचा मागचा एक पाय आणि डावा हात कधीतरी कुणीतरी बदलून आंब्याचा घातला होता. वरून रंग सारखाच दिसायचा. आंब्याचं लाकूड घुणाला गोड लागतं, हे मला पुढे कळलं.

आषाढात एका सकाळी केर काढताना खुर्चीच्या मागच्या पायाशी बारीक पिवळा भुसा दिसला, पिठासारखा. मुंग्यांनी काही तरी काढलं असेल म्हणून मी झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी परत. मी खाली वाकून पाहिलं तर पायाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, ओळीने. नवऱ्याला दाखवलं. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाय ठोकून पाहिला. एका जागी टोक सरळ आत गेलं, पिकल्या पपईत जावं तसं.

"आतून पोकळ झालाय," तो हळू म्हणाला. बाबा खुर्चीतच बसले होते, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पण त्यांनी ऐकलं.

"किडो लागलो?" त्यांनी विचारलं. एका श्वासात त्यांना दोनतीनच शब्द मिळायचे.

"थोडासा. औषध मारतो," नवरा म्हणाला.

औषध मारायची वेळच आली नाही. चतुर्थी जवळ आली होती आणि गावात घरोघर रंगरंगोटी चाललेली. आमच्या शेजारच्या वहिनींनी दारं-जनेलं, म्हणजे दारं-खिडक्या, व्हार्निश करायला घेतली. वाऱ्याबरोबर तो वास आमच्या माटवातून, दारापुढच्या मांडवातून, आत आला आणि बाबांना असा धापेचा झटका आला की ओठ निळे पडले. मी दारं बंद केली, पंखा लावला, पंप तोंडात धरला, काही उपयोग झाला नाही. ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. इस्पितळात डॉक्टरांनी त्यांना जरा स्थिर केलं आणि मग मला बाजूला घेऊन बजावलं, "ह्यांच्या आसपास व्हार्निश नको, पॉलिश नको, रॉकेल नको, किड्यामुंग्यांचा फवारा नको. अगरबत्तीसुद्धा नको. पुढच्या झटक्यात मी काही करू शकेन असं समजू नका."

वहिनींना हे कळल्यावर त्या आमच्याकडे यायच्याच बंद झाल्या. विहिरीवर दिसल्या तरी मान खाली. मला त्यांचा राग नव्हता. राग करायला वेळ नव्हता.

घरी आणल्यावर बाबा खुर्चीत बसले आणि मला दिसलं की आता डाव्या हाताखालीही भुसा पडायला लागलाय.

कीड मारणाऱ्या लोकांना मी फोन केला. पलीकडचा माणूस चांगला बोलला. म्हणाला, खुर्ची बाहेर नेऊन औषध भरू, पण वास महिनाभर तरी जाणार नाही, आजारी माणसाला त्यावर बसवू नका. सुतार येऊन पाहून गेला. त्याला पाय बदलायचा तर खुर्ची कारखान्यात नेऊन सगळे सांधे खोलायला पाहिजे होते, आणि डिंकाचा वास वेगळाच. दुसरी व्हॉल्टेर मिळते का तेही पाहिलं. म्हापशाच्या फर्निचरवाल्याकडे एक होती, नवी कोरी. दुकानात पाऊल टाकताच नवऱ्याच्या डोळ्यांना पॉलिश झोंबलं आणि तो तसाच परत फिरला. पेडण्यात ओळखीच्या एका घरी जुनी मिळाली. ती टेम्पोत घालून आणली, पण तिचे हात बाबांना खाली पडायचे. खांदे उचलले जात नव्हते. त्यांनी थोडा वेळ प्रयत्न केला, परत आपल्या खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "माका... हंयच... बसूंदे." मग ती परत पाठवली.

तेव्हा मी झाडापाल्याच्या वाटेला लागले. हौसेने नाही. दुसरी वाटच उरली नव्हती.

फोनवर लाकूड सांभाळायच्या नैसर्गिक उपायांचे ढिगाने व्हिडिओ आहेत. त्यातल्या बायका हसऱ्या असतात आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ऊन येतं. ऑलिव्हचं तेल घ्या, लिंबू पिळा, मऊ कापडाने पुसा. बाहेर पाऊस कोसळत होता, आमचं खोबरेल थिजायचं राहिलं तरी बुरशी मात्र सगळीकडे चढत होती. मी लिंबू आणि खोबरेल लावून पाहिलं. खुर्ची चार दिवस चमकली आणि मग तिच्यावर पांढरी लव आली, शिळ्या उंड्यावर, पावावर, येते तशी. बुरशी म्हणजे बाबांना पुन्हा खोकला. ती पुसायला माडाच्या सुरेचा व्हिनेगर वापरा असं वाचलं. त्याने बुरशी जाते, हे खरं. पण त्या आंबट वासाने बाबांनी तोंड फिरवलं आणि छाती धरली.

मग मी एक रीत बसवली. काहीही खुर्चीला लावायच्या आधी मी ते एका फळकुटाला लावायची आणि ते फळकूट खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराजवळ ठेवून बाबांकडे बघत बसायची. त्यांना चाललं तर त्यांनी एक बोट वर करायचं. नाही चाललं तर मी फळकूट घेऊन अंगणात पळायचं. पाच मिनिटं झाली की फळकूट थोडं पुढे सरकवायचं. मग आणखी थोडं.

कडुलिंबाचं तेल दारातच नापास झालं. आईला माहेरी, हळर्णला फोन केला. ती म्हणाली, "करंजेल लाव गे. आमी नांगराक, दाराक तेच लावतंव." तिने भावाबरोबर करंजाच्या तेलाची बाटली पाठवली. करंजेलाचं फळकूट खोलीच्या अर्ध्यापर्यंत आलं. मला इतकी आशा वाटली की मी श्वास धरून बसले होते. मग बाबांच्या नाकपुड्या फुगल्या. मी पळाले. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला अमर करतं म्हणतात. ते मी आणलंच नाही, कातडी जाळणारं ते तेल त्यांच्या कोपरांखाली कसं ठेवणार? कापूर, लवंगा, निरगुडी, सगळं झालं. झाडापाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत माझी त्या महिन्यात गळून पडली. कीड ज्याने मरते त्याला वास असतो, आणि ज्याला वास आहे ते बाबांना चालत नव्हतं. मी रोज त्याच भिंतीवर डोकं आपटत होते.

बाबांना ह्या खेळाची गंमत वाटायची की माझी कीव यायची, मला ठाऊक नाही. सकाळी चहात पाव बुडवून खाल्ला की विचारायचे, "आज... कसला?"

"आज वेखंड."

"हाड... बघूया." म्हणजे आण.

एक दिवस मी गावच्या सातेरीच्या देवळात गेले. वहिनी येत नव्हत्या, तेव्हा बाबांजवळ अर्धा तास नवऱ्याला बसवलं, रविवार होता. आमच्याकडे अडल्यानडल्याला देवीला प्रसाद लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. पुजाऱ्यांनी विचारलं, "कसलो प्रसाद होयो?"

मी म्हटलं, "खुर्ची टिकेल का, एवढंच विचारा."

ते हसले. "खंयची खुर्ची? पंचायतीची?"

"सासऱ्यांची. बसायची."

माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. त्यांनी नीट गाऱ्हाणं घातलं, घरच्या माणसाच्या श्वासासाठी म्हणून. पाकळ्या लावल्या. आम्ही दोघं उभे राहिलो. उजवी पडेना, डावीही पडेना. बराच वेळ गेला. "फाल्यां येशीत?" त्यांनी विचारलं. मी उद्या येऊ शकणार नव्हते. मी नमस्कार करून घरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, देवीने वेळ मागून घेतलाय.

टाकणखार मला आठवला तो मुंग्यांमुळे. माझी आई ओट्याच्या कडेला टाकणखार आणि साखर ठेवायची, झुरळांसाठी आणि मुंग्यांसाठी. पांढरी भुकटी. लहानपणी आम्हाला दटावायची, हात लावू नका, विषारी असतं, आणि वासही येत नाही म्हणून कळणार नाही. वास येत नाही. मी भांडी घासता घासता थांबले. संध्याकाळी नवरा आल्याबरोबर बाजारातल्या औषधी सामानाच्या दुकानात गेले. घरी येऊन ती भुकटी कढत पाण्यात विरघळवली, फळकुटाला लावली आणि दारात ठेवली. बाबांनी बोट वर केलं. खोलीच्या मध्यावर, बोट वर. त्यांच्या पायाशी, बोट वर. शेवटी त्यांनी स्वतःच फळकूट उचलून नाकाजवळ नेलं आणि म्हणाले, "कायच... नाय."

मी तिथेच जमिनीवर बसले.

पण ते पाणी लाकडाच्या आत खोल जायला हवं होतं आणि मग लाकूड सुकायला हवं होतं. ह्यासाठी खुर्ची काही दिवस उन्हात ठेवायची. ऊन नव्हतं, आणि खुर्चीतून माणूस काढायची सोय नव्हती. म्हणून मी त्यांना बसलेलं ठेवूनच काम सुरू केलं. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनची सिरिंज आणली. हातात मोजे घालून, खुर्चीच्या मागे मांडी घालून बसायची आणि एकेका भोकात सुई घालून पाणी सोडायची. काही भोकं लगेच भरायची. काही भरतच नसत. पाणी नुसतं जात राहायचं, आणि आतून केवढं खाल्लंय ते त्यावरून कळायचं. डावा हात करताना त्यांचं कोपर थोडं उचलून धरायला सांगायची. ते उचलायचे, धाप लागायची, परत ठेवायचे. मी थांबायची. पुन्हा उचलायचे. नंतर टेबलफॅन लावून ते लाकूड सुकवायची. ओल राहिली की बुरशी, बुरशी आली की पुसायला रिठ्याचं पाणी, रिठ्याच्या पाण्याने पुन्हा ओल. संध्याकाळी नवरा आला की पहिलं विचारायचा, "भुसा?" मी सांगायची, आहे, किंवा आज कमी आहे. आमचं दुसरं बोलणंच राहिलं नव्हतं.

चतुर्थी झाली. गणपती पोचवून माणसं आपापल्या कामाला लागली आणि त्याच आठवड्यात, दुपारी, मी आत तांदूळ निवडत असताना बाहेर कट्ट असा आवाज झाला.

मी धावले. मागचा आंब्याचा पाय मोडला होता. खुर्ची त्या कोपऱ्यावर कलत होती आणि बाबा दोन्ही हातांनी तिचे हात घट्ट धरून मागे मागे जात होते. त्यांना उठवायला पुढे गेले असते तर खुर्ची उलटली असती. मी सरळ खाली बसले, मागून आत सरकले आणि त्या कोपऱ्याखाली पाठ लावली. सगळं वजन माझ्यावर आलं. ऑक्सिजनची नळी निसटून खाली पडली होती, तिची फुसफुस ऐकू येत होती, पण माझा हात पोचत नव्हता. वर बाबांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"बाबा, कोपरं ठेवा. कोपरं तशीच ठेवा. पडत नाही तुम्ही, मी आहे."

फोन स्वयंपाकघरात होता. मी जीव खाऊन वहिनींना हाक मारली. पुन्हा मारली. त्या येतील असं मला वाटत नव्हतं. पण त्या आल्या, ओल्या हातांनी, लुगड्याचा पदर खोचलेला, आणि दारातच थबकल्या.

"वहिनी, आधी नळी. नाकाला."

त्यांनी नळी उचलून बाबांच्या नाकाला लावली. मग त्यांनी मला पाहिलं, म्हणजे जेवढी दिसत होते तेवढी. त्या मागे गेल्या आणि कुंपणाच्या कामाचा एक चिरा पोटाशी धरून घेऊन आल्या. लाल दगड, चांगला जड. तो उंच झाला. परत गेल्या, फुटका अर्धा आणला, त्यावर आमचा बसायचा पाट, त्यावर घडी घातलेलं गोणपाट. ते सगळं माझ्या कमरेला लागून आत सरकवलं. मी हळूहळू पाठ काढली. खुर्ची टेकली, करकरली आणि थांबली.

बाबांचा श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ लागला. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या होत्या आणि रडत होत्या. "माझ्यामुळे झालं सगळं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "व्हार्निश सगळेच लावतात, वहिनी. उद्यापासून येत जा." त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या.

संध्याकाळी बाबांनी मला जवळ बोलावलं. "सोड गो... तिका. किती करशीत?"

"तुम्ही कुठे बसणार मग?"

ते थोडं हसले. "कोण आधी... जाता... बघूया. मी... का ती."

मला ते हसणं सहन झालं नाही. मी आत जाऊन उगाच पाणी तापत ठेवलं.

दसऱ्यानंतर ऊन पडायला लागलं तेव्हा कुठे आमच्या हाताला काही लागलं. दुपारी ऊन कडक झालं की बाबांना मेजावरच्या उशांवर ओणवं करायचं, आणि मी आणि वहिनी मिळून तीन पायांची ती खुर्ची अंगणात न्यायचो. वहिनी उन्हात तिची राखण करायच्या, ह्या बाजूने, त्या बाजूने फिरवायच्या, टाकणखाराचा हात द्यायच्या. मी आत बाबांजवळ बसायची आणि त्यांच्या मानेकडे बघायची. मान थरथरायला लागली की मी हाक द्यायची आणि आम्ही खुर्ची आत आणायचो. लाकूड तापलेलं असायचं. बाबा त्यावर कोपरं ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "गरम... बरां लागता," म्हणायचे. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

आईने हळर्णहून मधाच्या पोळ्याचं मेण पाठवलं. मी ते गाळून घेतलं, भांड्यात भांडं ठेवून खोबरेलात वितळवलं. मेण जास्त, तेल कमी; उलट केलं तर बुरशी येते हे आता शिकले होते. फळकुटाला लावून दारात ठेवलं. बाबांनी बोट वर करायच्या ऐवजी दीर्घ वास घेतला, जेवढा त्यांना घेता येत होता तेवढा.

"म्होवाचो," ते म्हणाले. मधाचा.

भोकं मी त्या मेणाने बुजवली आणि सगळी खुर्ची जुन्या धोतराच्या तुकड्याने चोळली, अंग चोळावं तशी. भोकं बुजवण्याचा फायदा असा की नवं भोक पडलं तर लगेच दिसतं. मी रोज सकाळी बोट फिरवून बघायची. पायाच्या राहिलेल्या तुकड्याला एकही नवं भोक पडलं नाही. हाताला दोन पडली. मी ती पुन्हा भरली.

मार्गशीर्षात बाबांना ताप आला. कफ झाला, आणि रात्रीत छाती भरून गेली. सकाळी त्यांना पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे खुर्ची नेता येत नव्हती. मी विचारलं होतं. परिचारिकेला वाटलं मला बसायला हवी आहे, तिने स्टूल दिलं.

पलंगाची पाठ उचलून त्यांना बसवलं होतं, तोंडावर मास्क होता. पण त्यांची कोपरं दोन्ही बाजूंना हवेत जागा शोधत होती. गादीवर ठेवायचे, उचलायचे, पलंगाच्या दांड्यावर ठेवायचे, घसरायची. मी उशा लावल्या, त्या दबल्या. शेवटी मी पलंगावर त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घेतले. त्यांनी कोपरं रोवली. सासऱ्याच्या इतक्या जवळ मी आयुष्यात बसले नव्हते, पण ते दोघांच्याही मनात आलं नाही. नवरा आणि मी आळीपाळीने तसे बसलो. डॉक्टर एकदा येऊन गेले आणि आम्हाला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची पाळी असताना ते गेले. मी खाली चहा आणायला गेले होते.

बाराव्या-तेराव्यानंतर घरात करायला काही उरलं नाही. सकाळी जाग आली की मी केरसुणी घेऊन आधी त्या कोपऱ्यात जायची आणि तिथे पोचल्यावर लक्षात यायचं. नातेवाईकांपैकी कुणीतरी म्हणालं, गेलेल्या माणसाची खुर्ची, देऊन टाका किंवा जाळा. नवरा म्हणाला, बघू. काही दिवसांनी त्याने सुताराला बोलावलं. आता खुर्ची नेता येत होती, कितीही दिवस.

सुताराने तिथेच अंगणात मोडक्या पायाचा राहिलेला तुकडा काढला आणि तासणीने उभा चिरला. मी बघायला उभी राहिले. आतून तो पाय जाळीदार झाला होता, नुसत्या वाटाच वाटा. पण त्या वाटांमध्ये जिवंत काहीच नव्हतं. वाळलेले, काळपट झालेले किडे, बोटाने चुरगळले की पीठ. मग त्याने डावा हात खोलला. त्यात मात्र एक पांढरी अळी हलत होती, चांगली गुबगुबीत. त्याने ती चिमटीत धरून कोंबडीला टाकली.

"पायातला मेलंय," तो म्हणाला. "हातातला रवलंय. अर्धा काम झालां."

अर्धं काम. मला नेमकं काय वाटलं ते सांगता येणार नाही. इतके दिवस त्या सुईतून जात होतं ते पाणी कुठेतरी पोचलं होतं, हे समाधान होतं. आणि ते कळायला आता कुणी नव्हतं.

नवा पाय आणि नवा हात सागवानी घालायचं ठरलं. सुतार सगळं खुर्चीबरोबर टेम्पोत भरायला लागला आणि जाता जाता विचारलं, "पॉलिश कसला मारू? चकचकीत का मॅट?"

"पॉलिश नको," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "आता मारलं तर चालेल की. आता कुणाला त्रास होणार आहे?"

त्याने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं. खरंच होतं ते. पण बाबा गेल्यापासून घरात हे कुणी एवढ्या स्पष्ट शब्दांत बोललं नव्हतं, आणि बोलून झाल्यावर तोच पायरीवर खाली बसला. सुताराने टेम्पोवरचा दोर पुन्हा आवळला. कुंपणापलीकडून वहिनी बघत होत्या.

मी सुताराला सांगितलं, लाकूड कोरंच ठेव, मेण मी लावीन. मग नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. टेम्पो गेल्यावरही आम्ही बराच वेळ तिथेच बसून होतो. वहिनींनी येऊन चहा ठेवला, तो निवून गेला.